कोणी पाहत नाही तेथे



अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यात, उंचावरच्या वाळवंटी मुलुखात, ग्रेट बेसिन नॅशनल पार्क आहे (स्थापना १९८६). तेथे स्नेक क्रीक या ओढ्याकाठी तंबू ठोकायला साध्या जागा राखल्या आहेत. नळ नाही, वीज नाही, जवळपास पहारेकरी नाही. अशा ठिकाणचा नियम असा, की भांडी ओढ्यात धुवायची नाहीत. पाणी भरून ६० मीटर, म्हणजे सुमारे ७० पावले दूर न्यायचे. दिवसभर चालून थकलेल्या, काळोखात तेलकट पातेले घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ही ७० पावले फार होतात. त्याच्या जागी आपण काय केले असते?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथात एका मेंढपाळाला अदृश्य करणारी अंगठी सापडते. ती बोटात असताना कोण न्यायाने वागेल, असा तेथे प्रश्न आहे. त्या ओढ्याकाठी प्रत्येकाच्या बोटात तीच अंगठी असते.

‘देव पाहतो’ हे आपले ठरलेले उत्तर. ते खरेच आहे. पण तेवढ्याच धाकाने चाललो, तर आपण परमेश्वराला वनरक्षक करून ठेवले, असे आम्हांला वाटते. (आणि वनरक्षकाची नजर चुकवण्यात आपण पटाईत!) प्रभू येशूने शेजारी कोण ते सांगितले, त्या दाखल्यातल्या शोमरोन्याला जखमी माणूस निदान डोळ्यांनी दिसला होता. येथे शेजारी म्हणजे खालच्या वळणावरचा तंबू, पुढल्या आठवड्यात येणारे कुटुंब, ओढ्यातले मासे. शिवाय ग्रेट बेसिनचे पाणी समुद्राला मिळतच नाही. त्याच खोऱ्यात जिरते किंवा आटते. साबणाचा फेस कुठे तरी वाहून गेला, असे म्हणायची तेथे सोय नाही.