निवृत्तीवाचून प्रायश्चित्त
धर्मशास्त्रकारांनी पातकांची जितक्या बारकाईने वर्गवारी केली तितक्याच बारकाईने प्रायश्चित्तांचीही केली, आणि महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तो अफाट पसारा मांडून ठेवला आहे. त्यात मला सर्वाधिक मोलाची वाटते ती मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातील भूमिका, की अनुतापाने मनुष्य पातकातून सुटतो खरा, परंतु शुद्ध होतो तो ते कर्म पुन्हा न करण्याच्या निश्चयाने निवृत्त झाल्यावरच. भागवताच्या सहाव्या स्कंधात परीक्षितानेही शुकाचार्यांपुढे हीच शंका काढली होती: प्रायश्चित्त घेऊन जो पुन्हा त्याच कर्माकडे वळतो त्याचे स्नान, नाहून होताच अंगावर धूळ उडवून घेणाऱ्या हत्तीच्या स्नानासारखेच निष्फळ नव्हे काय? तेलकंपन्या कार्बन डायऑक्साइड म्हणजेच कर्बवायू पकडून भूगर्भात साठविण्याच्या ज्या योजना आज जगापुढे ठेवीत आहेत त्यांना ही शंका लागू पडते. किंबहुना येथे स्नानाचे नुसते आश्वासन देऊन धूळ आधीच उडविली जात आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापलीकडील बॅरो बेटावर शेव्हरॉन कंपनीच्या गॉर्गन प्रकल्पाला मंजुरी देताना सरकारने अट घातली होती, की नैसर्गिक वायूबरोबर खडकातून वर येणाऱ्या कर्बवायूपैकी किमान 80 टक्के परत जमिनीखाली साठविला जावा. वायूचे पहिले जहाज 2016 साली निघाले. साठवणीचे काम मात्र 2019 च्या ऑगस्टपर्यंत सुरूच झाले नाही, आणि पुढेही खडकातील पाण्याचा दाब आटोक्यात ठेवण्यासाठी खणलेल्या विहिरी वाळूने तुंबल्यामुळे ते ठरल्या प्रमाणाच्या फारच खाली राहिले. पहिल्या पाच वर्षांत पडलेली 52 लाख टनांची तूट अखेर इतरत्रची कार्बन क्रेडिटे घेऊन भरून काढण्यात आली. याहून गंभीर गोष्ट अशी, की ही अट तंतोतंत पाळली गेली असती तरी विकलेला वायू दूरदेशींच्या भट्ट्यांत जळून जो कर्बवायू हवेत जातो, तो या जमाखर्चात धरलेलाच नव्हता.

ही विद्या खोटी आहे असे माझे म्हणणे नाही. नॉर्वेच्या स्लाइप्नर क्षेत्रात 1996 पासून समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात कर्बवायू साठविला जात आहे. पण तेथील सरकारने 1991 सालीच हवेत सोडल्या जाणाऱ्या कर्बवायूवर कर बसविला होता. सिमेंटच्या भट्टीत चुनखडीतूनच निघणाऱ्या वायूसाठीही मी तिचे स्वागत करीन. परंतु टेक्सासमधील पेट्रा नोव्हा प्रकल्पात कोळशाच्या धुरातून पकडलेला वायू जुन्या तेलक्षेत्रात दाबून सोडला गेला तो अधिक तेल वर काढण्यासाठी, आणि 2020 साली तेलाचा भाव कोसळताच ते काम तीन वर्षे तहकूब राहिले.

हवेतून कर्बवायू खेचण्याच्या तंत्रामुळे आपल्या उद्योगाला आणखी 60, 70, 80 वर्षे चालत राहण्याचा परवाना मिळतो, असे ऑक्सिडेंटल या तेलकंपनीच्या प्रमुख विकी हॉलब यांनी 2023 साली जाहीरपणे सांगितले. अनुतापाची अपेक्षा मी कंपनीकडून करीत नाही, तो व्यक्तीचा धर्म आहे. पण कोणती विहीर कोणत्या वर्षी बंद होणार याचा लेखी कबुलीनामा सरकारांनी मंजुरीपूर्वीच मागून घ्यावा, आणि तो हाती येईपर्यंत नवा परवाना रोखून धरावा.