दिवाळ्याचे भय

मागल्या एकादशीला भजन आटोपल्यावर आमच्या दिंडीतला एक तरुण मागे रेंगाळला. आयटीआय झालेला, हाताचा हुशार. गावात लाकडी घाणा घालावा, शेंगदाण्या-करडईचे तेल काढून विकावे, हा त्याचा दोन वर्षांचा बेत. जागा पाहून झाली, घाण्याचा भाव काढून झाला, पतसंस्थेत चौकशीही झाली. पण पाऊल काही पुढे पडेना. "माऊली, बुडालो तर?" एवढेच तो म्हणाला. मी विचारले, "बुडालास तर काय जाईल?" त्यावर गडी पैशाचे काही बोललाच नाही. म्हणाला, "लोक हसतील. वडिलांना पारावर बसायची चोरी होईल."

सज्जनहो, सारा रोग या उत्तरात आहे. धंदा करू पाहणाऱ्याच्या मनात दोन भये असतात. माझ्यामुळे दुसऱ्याचे नुकसान होईल, हे एक. माझे नाव जाईल, हे दुसरे. दोन्ही एकाच घरात राहतात, म्हणून माणसाला ती एकच वाटतात. पण पहिले भय म्हणजे विवेक आहे, ते जपावे. दुसरे म्हणजे अहंकार आहे, ते टाकावे. आपण नेमके उलटे करतो. नाव जाईल म्हणून धंदाच सुरू करीत नाही. आणि सुरू केलाच, तर खोट आल्यावर ती झाकत बसतो. एकाचे देणे दुसऱ्याकडून काढून भागवायचे, दुकान रिकामे असले तरी लग्नात मांडव मोठा घालायचा! थोडक्यात निभावले असते ते मग घरादारावर येते. म्हणजे बुडण्यापेक्षा बुडण्याच्या भयानेच माणसे अधिक बुडतात.

याची साक्ष काढायला लांब कशाला जायचे? आपले तुकोबाराय देहूच्या वाण्याच्या घरचे. घरात महाजनकी, पेठेत दुकान. १६३० च्या सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. धंदा बसला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. आपण त्यांना संत म्हणून वंदन करतो. पण त्या काळी पेठेतले लोक त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, याचा विचार आपण क्वचितच करतो.

पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकली आहे. ती नीट ऐका. भाऊ कान्होबांचा अर्धा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला आणि उरलेली, आपल्या वाट्याची खते पाण्यात सोडली. ती खते लोकांकडून येणे असलेल्या पैशाची होती. जे सोडले ते स्वतःचे येणे. भावाच्या हक्काला हात लावला नाही. दुसऱ्याच्या पैशाविषयी इतकी दक्षता आणि स्वतःच्या तोट्याविषयी इतकी बेफिकिरी! दोन भयांची निवड कशी करावी, हे याहून स्वच्छ कुठे पाहायला मिळणार?

कोणी म्हणेल, ते तर विरक्त झाले; आम्हाला प्रपंच करायचा आहे. बरे, प्रपंचातले उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावात सायकलींचा धंदा होता. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. नांगर पडून राहिले म्हणून त्यांनी स्वतःला टाकाऊ ठरविले नाही. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयाने १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभा राहिला. तीच किर्लोस्करवाडी. माल पडून राहिला, ही मालाविषयीची बातमी आहे; माणसाविषयीचा निवाडा नव्हे.

मात्र येथे एक पथ्य आहे. गीतेने फळाची आसक्ती सोडायला सांगितले आहे, हिशेब सोडायला नव्हे. "विठ्ठल पाहून घेईल" म्हणून बापाची जमीन गहाण टाकणे ही श्रद्धा नव्हे. स्वतःचे ओझे देवाच्या डोक्यावर ठेवणे आहे. नुसते धैर्य धरून उडी घेणाराला मी भक्त म्हणणार नाही.

म्हणून त्या तरुणाला मी उपदेश केला नाही, कागद दिला. म्हटले, तीन गोष्टी लिही. शेताला हात न लावता किती पैसा गेला तर चालेल? देणे कोणाकोणाचे होईल आणि धंदा बंद पडला तर ते कशातून फेडशील? आणि कोणत्या आकड्याला थांबशील? हा कागद आधी वडिलांना वाचून दाखव. बुडण्याची गोष्ट घरात आधीच बोलून झाली, की तिची अर्धी धार जाते.

आठ दिवसांनी तो आला. आकडा लिहिताना त्याच्याच ध्यानात आले होते की नवा घाणा आताच झेपणार नाही. तालुक्याला एकाचा घाणा आहे, तिथे आपले दाणे गाळून घेऊन आधी गावात तेल खपते का ते पाहतो, म्हणाला. आणि वडील? "वडील म्हणाले, पारावर बसायचे माझे मी बघतो, तू देणे तेवढे चुकवू नकोस."

तेल खपेल की नाही, मला ठाऊक नाही. पण एक प्रश्न आपल्यासाठी उरतो. त्या पोराला भय होते ते कोणाच्या हसण्याचे? तुमच्या-आमच्याच ना! पारावर आपणच बसतो. ज्याचे दिवाळे निघाले त्या वाण्याच्या पायांवर आपण डोके ठेवतो आणि गल्लीतल्या दुकानाला कुलूप लागले की त्या मालकाला टाळतो. आपल्या गावात असा कोणी असेल, तो लाजेने भजनाला यायचा थांबला असेल, तर पुढल्या एकादशीला त्याच्या दारावरून जाताना त्याला हाक मारा. टाळ त्याच्या हाती द्या, आणि दुकानाचा विषय तो काढील तेव्हाच काढा.

रामकृष्णहरि.