नम्रता कोणी कोणाला शिकवावी?

साखरखेर्ड्याचे नाव इतिहासात येते ते १७२४ च्या लढाईमुळे. इथे मुघल सुभेदार मुबारिजखान पडला, निजामउल्मुल्कच्या हाती दख्खन आले आणि विजयाची खूण म्हणून गावाला फत्तेखेर्डा नाव मिळाले. गावाने ते काही मनावर घेतले नाही. जिंकलेल्याने निवाडा द्यायचा आणि हरलेल्याने मान खाली घालायची, हा जगाचा रिवाज. गावापासून फार लांब नसलेल्या जालन्याजवळ ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली, आणि तिथे जे शास्त्र वाचले जाई त्यात हा रिवाज उलटा केला आहे : आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातले कुसळ. या वचनाचा उत्तरार्ध आपण सोयीने गाळतो. कुसळ तसेच राहू दे, असे येशू सांगत नाही. नीट दिसू लागल्यावर ते काढायचेच आहे. तेव्हा आत्मपरीक्षण ही निवाड्याची पूर्वअट झाली, त्याची जागा घेणारी सोय नव्हे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या दृष्टीने वाचावीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये. मधल्या काळात नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे कडक. धर्मांतरितांच्या आत्मकथनांत जुना समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करण्याचा मोह असतो. लक्ष्मीबाई तिथे स्वतःला उभे करतात. आपला विटाळाचा धाक, आपला हट्ट, आपले भाबडेपण त्या हसत हसत सांगतात, आणि म्हणूनच टिळकांच्या तापट, बेफिकीर स्वभावाबद्दल त्या जे लिहितात ते चुगली वाटत नाही. जातीच्या निरर्थकतेवर विद्वानांनी लिहिलेले पुष्कळ आहे. पण ती जात आपल्याच हातच्या तांब्यात कशी होती, हे दाखवणारे पान निराळे वजन घेऊन येते.

यावर रास्त आक्षेप असा : नम्रतेचा उपदेश नेहमी खालच्याला होतो. सुनेने, चाकराने, दलिताने आधी स्वतःत डोकवावे. सासू, मालक आणि गावाचे पुढारी यांना मात्र सवड नसते. आक्षेप खरा आहे, आणि चर्चही त्यातून सुटलेले नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या चर्चच्या काही सिद्धान्तांवर प्रश्न विचारू लागल्या, तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्माकडे आणणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांना त्यात गर्व दिसला. रमाबाईंचे उत्तर पत्रांतून वाचायला मिळते : देवाची आज्ञा मानणे वेगळे, धर्मगुरूंची मानणे वेगळे. मला वाटते, त्या वादात मुसळ शोधायची गरज अधिक होती ती उपदेश करणाऱ्या बाजूला. अंकित माणसाकडून नम्रता वसूल करणे हा धर्म नव्हे, तो सत्तेचा सारा.

याच रमाबाईंनी पुढे स्वतःचीही झडती घेतली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असा कबुलीजबाब त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात दिला. बाप्तिस्म्यानंतरची कित्येक वर्षे अपुरी होती असे जाहीर लिहिणे, तेही केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनचे नाव सर्वदूर झालेले असताना, सोपे नव्हते. अशा कबुलीचाही तोरा मिरवता येतो, हे खरे. तुकोबांच्या अभंगांतली आत्मनिंदा टाळ कुटत म्हणणाऱ्या आपल्याला ते सांगायला नको. तोरा आहे की नाही हे कबुलीच्या सुरावरून कळत नाही. तो माणूस बलवानापुढे कसा वागतो यावरून कळते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगचा बंदोबस्त कडक होता. आपल्या शारदा सदनातल्या एका मुलीचे प्रकरण घेऊन रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून सरकारी प्लेग इस्पितळातल्या कारभारावर उघड टीका केली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, आणि पुण्यातले सनातनी तर आधीच त्यांच्यावर खार खाऊन होते. पाठीशी कोणी उभे राहील अशी फारशी आशा नसताना ते पत्र छापून आले होते.