एका बादलीत आठ कॅव्हिट्या

"सर, साइज येत नाही." एवढंच बोलून तू नायलॉनच्या बुशांची पिशवी माझ्या टेबलावर ओतलीस आणि मी काहीतरी जादू करीन अशा चेहऱ्याने उभा राहिलास. साइज येत नाही म्हणजे काय रे? व्यास की लांबी? साच्यातल्या कुठल्या कॅव्हिटीची? सकाळच्या मालाची की जेवणाच्या सुट्टीनंतरच्या? विचारलं तर म्हणतोस, "सगळी मिक्सच आहेत." मग तू काय आणलंस माझ्याकडे? भंगार आणलंस.

यातला एक बुश उचल. कॉलरच्या खाली नखाने चाचपून बघ. काय लागतंय? "५". दुसरा घे, "२". टूलरूममधल्या माणसाने आठही कॅव्हिटीत आकडे कोरले ते शोभेला नव्हे. नेमकी ही वेळ आली तर उपयोगी पडावेत म्हणून कोरले. आणि तू आठही पोरं एकाच बादलीत टाकून मोकळा!

त्यावर वर तोंड करून सांगतोस की होल्डिंग प्रेशर वाढवून बघितलं, टेंपरेचर वाढवलं, स्पीड कमी केला, मग पुन्हा प्रेशर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तीन नॉब एका पाळीत फिरवल्यावर कशाने काय झालं हे ब्रह्मदेवाला तरी कळेल का?

आता वही काढ आणि लिही. मोबाइलवर नको.

मशीन चालू करून सायकल स्थिर होऊ दे. मग लागोपाठ दहा शॉट वेगळे ठेव. आडव्या ओळीत शॉट, उभ्या रकान्यांत कॅव्हिटी १ ते ८. ऐंशी मापं झाली की तक्ता आपोआप बोलतो. प्रत्येक रकाना आपल्या जागी ठाम आहे पण ३ नंबरचा रकाना ७ नंबरपेक्षा सतत मोठा येतोय, तर दोष साच्यात आहे. मशीनचा नॉब पिळून तो जाणार नाही. आठही रकाने शॉटगणिक एकदम वरखाली होतायत, तर साच्याला हात लावायचा नाही. मग स्क्रीनवर कुशन, म्हणजे शॉटनंतर स्क्रूपुढे उरणारा माल, बघ. दर शॉटला ते वेगळं येत असेल तर स्क्रूच्या टोकाची चेक रिंग बहुधा झिजलेली असते, माल मागे गळतो. रनर दळून परत टाकतोस, तो वजन करून की पसाभर अंदाजाने? ऑपरेटर मधेच दार उघडून चहाला जातो का? साचा गार झाला की पुढचे कित्येक शॉट वेगळेच पडतात. तू मात्र मापं घेताना नेमके तेच उचलतोस.

आणि माप घेतोस तरी कसं? बुश साच्यातून पडला की गरम असतानाच व्हर्नियरच्या जबड्यात दाबून. वीस मिलिमीटरचा नायलॉनचा बुश साठ डिग्रीला असला, तर वीस डिग्रीच्या मानाने साठ-सत्तर मायक्रॉन फुगलेलाच असणार. ड्रॉइंगवर टॉलरन्स ±०.०५. निम्म्याहून जास्त टॉलरन्स तू नुसत्या घाईत खाल्लास! शिवाय नायलॉन हवेतला दमटपणा पितो. आज मोजलेला बुश पावसाळ्यात चार आठवडे उघडा राहिला की अर्ध्या टक्क्याच्या आसपास वाढतो, म्हणजे वीस मिलिमीटरवर ०.१. ग्राहकाच्या टेबलावरचं माप तुझ्याशी जुळत नाही, त्याचं कोडं इथेच आहे. सगळे बुश गार झाल्यावर, ठरलेल्या तासांनी, मायक्रोमीटरने, एकाच माणसाने मोजायचे. तेही कधी शिकवलं नव्हतं का मी?

आता तुझ्या साच्याकडे येऊ. रनर कसा आहे? मधून एक सरळ पाट आणि दोन्ही बाजूंना चार-चार फाटे. म्हणजे कालव्याचं पाणी: हेडचा शेतकरी भिजून बसतो, टेलच्याला ओल लागेपर्यंत पाळी संपते. स्प्रूजवळच्या कॅव्हिट्या आधी भरतात, त्यांत दाब भरपूर, म्हणून तो माल कमी आकसतो. टोकाच्या कॅव्हिट्यांना उरलंसुरलं मिळतं, त्यांचे बुश बारीक. डोळ्यांनी बघायचं असेल तर होल्डिंग बंद कर, माल कमी करून अर्धवट शॉट काढ आणि आठही तुकडे काट्यावर ठेव. कोण उपाशी ते ग्रॅममध्ये दिसेल.

पाण्याच्या नळ्याही बघितल्या मी, तू पाठवलेल्या फोटोत. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशी माळ ओवली आहेस. शेवटच्या कॅव्हिटीला जाईपर्यंत पाणी तापलेलं. बोअरच्या क्षारांनी आतून भोकं अरुंद झालीत ती वेगळीच.

अजून एक गोष्ट या पिशवीतच दिसतेय. व्यास फार इकडेतिकडे नाही, लांबीच जास्त येतेय. तुझ्या साच्यात व्यास पूर्णपणे एकाच प्लेटमध्ये आहे, लांबी मात्र दोन प्लेटांमधली पार्टिंग लाइन ओलांडून जाते. म्हणजे साचा पूर्ण मिटतच नाहीये. का? तू प्रेशर वाढवलंस, फ्लॅश आला, त्याचा एक पापुद्रा प्लेटला चिकटून राहिला आणि त्यावर तू शेकडो शॉट मारलेस. म्हणजे निम्मा आजार मूळचा आणि निम्मा तुझ्या औषधाचा.

पितळेच्या पट्टीने दोन्ही प्लेटा साफ कर. स्क्रूड्रायव्हर लावलास तर याद राख. व्हेंट मोकळे कर, नळ्या सुट्या कर, सेटिंग पूर्वीच्या कागदावर होतं तिथे परत आण. मग ते दहा शॉट. गेट उघडायची वेळ आलीच तर ग्राइंडर हातात घेण्याआधी मला फोन कर, साडेपाचनंतर, तक्ता समोर ठेवून. आणि हे टेबल रिकामं कर, सातची बॅच येईल.