वाकडी रेघ आणि सरळ वाट

नाकासमोर चालणाऱ्या मनुष्यास आपण सज्जन म्हणतो आणि वाट वाकडी करून जाणाऱ्याकडे संशयाने पाहतो. परंतु सरळ कशास म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. विमानांचे लांब पल्ल्याचे मार्ग नकाशावर वाकडे का दिसतात, याचा विचार केला असता त्या प्रश्नावर काही प्रकाश पडतो.

टोकियो आणि सान फ्रान्सिस्को ही शहरे अनुक्रमे सुमारे ३६ व ३८ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ एकाच पातळीत, वसली आहेत. पॅसिफिक महासागर मध्यभागी असलेल्या नकाशावर पट्टी ठेवून ती जोडली, तर बहुतेक आडवी रेघ निघते. त्यांमधील सर्वांत जवळचा हवाई मार्ग मात्र त्याच नकाशावर धनुष्यासारखा वाकतो आणि मध्ये सुमारे ४८ अंशांपर्यंत वर चढतो. पाहणाऱ्यास वाटते, हा उगाच घातलेला वळसा. वस्तुतः आडव्या रेघेने गेल्यास चारशे किलोमीटरांहून अधिक अंतर वाढेल. खात्री करावयाची असल्यास पृथ्वीच्या गोलावर त्या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो आपण होऊन उत्तरेकडे सरकेल.

याचे कारण असे की, पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. मोसंबीची साल न फाडता, न ताणता पाटावर सपाट बसविता येत नाही. गोलाचा सर्वस्वी बिनचूक असा सपाट नकाशा होऊच शकत नाही, हे गाउस या जर्मन गणितज्ञाच्या १८२७ सालच्या सिद्धान्तावरून निश्चित झाले. मर्केटरने १५६९ साली केलेल्या प्रसिद्ध नकाशात कोन जसेच्या तसे राखले गेले. त्याची किंमत आकारमानाने दिली. म्हणूनच त्यावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे. मग हा नकाशा खोटा म्हणावयाचा काय? नाही. हा नकाशा नाविकांच्या उपयोगासाठी आहे, असे मर्केटरने त्याच्या मथळ्यातच लिहून ठेवले होते. नकाशाने प्रामाणिकपणे काही सोडले. काय सोडले ते आपण विसरलो, हा दोष आपला.

याहून विचारणीय गोष्ट पुढेच आहे. मर्केटरच्या नकाशावरील सरळ रेघ म्हणजे होकायंत्रातील एकच दिशा अखेरपर्यंत धरून केलेला प्रवास. परंतु टोकियोहून अशी एकच दिशा धरून निघालेला प्रवासी गोलावर पाहता सतत थोडा थोडा वळत असतो; आणि जो खरोखर सरळ जातो, त्याची होकायंत्रातील दिशा क्षणोक्षणी बदलत जाते. अक्षर न अक्षर नियम पाळणे आणि ध्येयाशी एकनिष्ठ राहणे, या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे यावरून ध्यानी यावे.

जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे एक विमान सान फ्रान्सिस्कोहून बंगळुरास उत्तर ध्रुवाच्या प्रदेशावरून आले. मर्केटरच्या नकाशात ध्रुवास जागाच नाही. तो कागद कितीही उंच केला तरी ध्रुव त्यात मावत नाही. माणसांच्या वागणुकीचेही असेच असते. एखादा गृहस्थ उत्सवाच्या वर्गणीत हात आखडता घेतो आणि आपण त्यास कृपण ठरवितो. मृत मित्राच्या मुलांची फी तो मुकाट्याने भरीत असतो, ही गोष्ट आपल्या नकाशावर नसतेच.

तथापि प्रत्येक वाकडी रेघ सरळ असते, असा याचा अर्थ कोणी करू नये. २०२२ साली रशियाने युरोपीय विमानांस आपले आकाश बंद केल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. तो वळसा गोलावरही वळसाच होता. ‘तुमचा नकाशाच चुकीचा’ असे लबाडासही म्हणता येते. परंतु नकाशे अनेक असले तरी पृथ्वी एकच आहे आणि दोरा कोणासही लावून पाहता येतो. आचरणाच्या बाबतीत हा दोरा म्हणजे प्रत्यक्ष चौकशी: ज्यांच्या जीवनावर त्या वागण्याचा परिणाम होतो, त्यांस काय मिळाले आणि त्यांचे काय गेले, हे जवळ जाऊन पाहणे.

हे कष्टाचे काम आहे. घरी बसून पट्टी ठेवणे सोपे. परंतु ज्यास दुसऱ्याची वाट वाकडी म्हणावयाची आहे, त्याने एवढे कष्ट घेतलेच पाहिजेत.