पाय कोणाचा?

युद्धात पाय तुटलेल्या विश्पलेला अश्विनीकुमारांनी धातूची जंघा बसवून दिली, असा उल्लेख ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात आहे. मराठीत जांघ म्हटले की आपले लक्ष मांडीकडे जाते. संस्कृतात मात्र जंघा म्हणजे गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग. विश्पलेचा पाय गुडघ्याखालीच तुटला असणार. देवांच्या वैद्यांचे कौतुक ऋषीने केले; पण ती जंघा विश्पलेला स्वतःची वाटली का, हे त्याने तिला विचारले नाही. पाय देणाऱ्याची कीर्ती राहते, घेणारीचे मन कोणी विचारत नाही.

हा प्रश्न आज नव्याने उभा राहिला आहे. स्वीडनमधील ब्रोनेमार्क या शास्त्रज्ञाला 1950 नंतरच्या दशकात, सशाच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा भाग काढताना, हाड त्या धातूला घट्ट धरून बसल्याचे दिसले. 1965 साली त्याच तत्त्वावर माणसाच्या जबड्यात दात बसले आणि 1990 साली स्वीडनमध्येच मांडीतून पाय गेलेल्या रुग्णाच्या हाडात असा खिळा बसवला गेला. खिळ्याचे टोक कातडीबाहेर येते आणि त्यावर कृत्रिम पाय अडकवतात. उरलेला पाय ज्यात घालावा लागतो ते सॉकेट, त्यातला घाम, घासून होणाऱ्या जखमा हे सारे टळते. जमिनीचा हादरा हाडावाटे वर पोहोचतो. पायाखाली खडी आहे की मऊ माती, याचाही काही अंदाज येतो, असे तो वापरणारे सांगतात.

पण याची किंमत पैशांत संपत नाही. कातडीतले ते तोंड जन्मभर उघडेच राहते. ते रोज स्वच्छ ठेवावे लागते, जंतुसंसर्गाची धास्ती कायम असते, आणि संसर्ग हाडापर्यंत गेला तर खिळा काढण्याची वेळ येते. मधुमेहाने रक्तप्रवाह मंदावून ज्यांचा पाय गेला, त्यांना डॉक्टर बहुधा नाहीच म्हणतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 साली अशा एका पद्धतीला पूर्ण मान्यता दिली, तीही गुडघ्यावरून पाय गेलेल्यांसाठी.

आमच्या लाटंबार्शात पावसाळ्यात लाल चिखल घोट्यापर्यंत येतो. कुळागरात पाण्याचे पाट ओलांडावे लागतात, देवळाच्या पायरीशी वहाणा काढाव्या लागतात, जेवायला पाटावर मांडी घालावी लागते. अशाच जगण्यासाठी रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर पाय घडवला. तो अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, उकिडवा बसू देतो. मुंबईच्या सुधा चंद्रन 1981 च्या अपघातानंतर तोच पाय लावून 1984 साली पुन्हा रंगमंचावर नाचल्या.

आमच्या वाड्यावरचे एक गृहस्थ, ट्रकखाली पाय गेल्यापासून, असाच पाय वापरतात. परदेशी असलेला त्यांचा मुलगा हाडात बसवायच्या पायाबद्दल वाचून आला आणि हट्ट धरून बसला, "बाबा, पाय परत आपला होईल." ते हसले. म्हणाले, "रातीं पांय काडून दवरलो काय जीवाक बरें दिसता." जो काढून भिंतीशी ठेवता येतो तो पाय परका, आणि हाडाला जडला की तो आपला, अशी मुलाची समजूत. बापाला तर काढून ठेवण्यातच आपलेपण वाटत होते. दिवसभर त्या पायाने काम केले, रात्री तोही विसावला आणि हेही.

मग मुलाला नेमके काय हवे होते? वडिलांचे चालणे सुकर व्हावे, हे तर खरेच. पण भिंतीशी टेकलेला पाय त्याला पाहवत नव्हता, हेही खरे. धडधाकट माणसाला अपुरा देह पाहून जी अस्वस्थता येते, तिलाच तो कित्येकदा करुणा समजतो. मग दुसऱ्याच्या हाडात खिळा बसवून आपली अस्वस्थता दूर करू पाहतो.

याची दुसरी बाजूही तेवढीच धोक्याची. सॉकेटने ज्याची कातडी वारंवार फाटते, जो चार पावलांत कळवळतो, त्याला "आहे त्यात समाधान मान" असे दोन पायांवर उभे राहून सांगणे सोपे आहे. 'देह म्हणजे मी नव्हे' हे वेदान्ताचे वाक्य स्वतःशी म्हणावे, दुसऱ्याच्या जखमेवर चोळू नये. अशा माणसाला हाडातला पाय वरदान ठरू शकतो. तो इथल्या गरिबाला परवडत नाही, म्हणून त्याला त्याची गरजच नाही असे ठरवणे हा तर अन्यायावर दुसरा अन्याय.

तेव्हा पाय कोणाचा, याचा निकाल हाडही देत नाही आणि धातूही देत नाही. ज्याला त्यावर भार टाकून आपल्या अंगणातून, चिखलातून, देवळाच्या पायऱ्यांवरून जायचे आहे, तो माणूस देतो. बाकीच्यांनी दोनच गोष्टी कराव्यात. दोन्ही वाटा आणि त्यांची किंमत त्याला खरीखरी सांगावी. आणि तो जे निवडील त्या पायाला चालता येईल असे रस्ते, पायऱ्या आणि बसगाड्या कराव्यात. त्याच्या पायाची चर्चा करण्यापूर्वी आपल्या पंचायतीची पायरी किती उंच आहे, हे पाहून यायला हरकत नाही.