मृत पाखराची शुश्रूषा

प्राण निघून गेल्यावर देहाचे आपल्याकडे काही मागणे उरते काय, हा प्रश्न आपल्या तत्त्वचिंतकांनी माणसाच्या बाबतीत पुष्कळ घोळवला. पाखराच्या बाबतीत तो क्वचितच विचारला गेला. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत तो विचारण्यास विशेष कारण आहे. माहुलीच्या सुळक्यांपासून माळशेजच्या कड्यांपर्यंतचा हा सह्याद्रीच्या पायथ्याचा मुलूख रानकोंबड्यांचा, तित्तरांचा, लाव्यांचा आणि हरियलांचा. येथे पोटासाठी फासे लावणारे होते, गलोल घेऊन हिंडणारी पोरे होती आणि इंग्रजी अमदानीत परवान्याची बंदूक खांद्यावर टाकून येणारे शिकारीही होते. याच मुलुखातून कसारा घाट चढून गेले की इगतपुरी तालुक्यातले टाकेद लागते. घायाळ जटायू तेथे पडला आणि त्याची तहान भागविण्यासाठी रामाने सर्व तीर्थांचे जल तेथे आणले, अशी तिथली श्रद्धा आहे. एखाद्या वडीलधाऱ्या आप्ताला द्यावा तसा त्या गृध्राच्या देहाला रामाने अग्नी दिला, हे रामायणच सांगते. पाखराच्या निष्प्राण देहाचेही आपण काही देणे लागतो, हे आपल्या परंपरेने निदान एकदा तरी निःसंदिग्धपणे मान्य केले आहे.

पेंढा भरून ठेवण्यासाठी पक्षी मारणारे जे जाणते लोक असत, त्यांची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पक्षी हाती आला की पहिले काम कापसाचे: चोचीत, घशात आणि छऱ्याच्या प्रत्येक छिद्रात लहान बोळा सारावयाचा, म्हणजे रक्त आणि पोटातला रस पिसांवर उतरत नाही, एखादा थेंब उतरलाच तर तो वाळण्यापूर्वी टिपून घ्यावयाचा. मान धरून किंवा पायांना दोरी बांधून पक्षी लोंबकळत न्यावयाचा नाही. उलटलेले पीस न् पीस बोटाने सरळ करून, कागदाचा निमुळता पुडा वळून, त्यात डोक्याकडून तो अलगद सरकवावयाचा, की शेपटी मोडत नाही. मग सावली आणि वारा. कारण कोकणपट्टीच्या दमट उष्म्यात सकाळी टिपलेल्या पाखराचे पोटाकडचे कातडे दिवस कलण्यापूर्वीच नासू लागते आणि पिसे झुपक्यांनी हातात येतात. बुबुळाचा, चोचीचा आणि पायांचा रंग मात्र तिथल्या तिथे लिहून घ्यावा लागतो, कारण मरणानंतर सर्वांत आधी तोच पालटतो. पुढे कातडे सोलून त्याला आतून सोमलाचा साबण चोळण्याचे काम घरी निवांत होई, आणि शरीर उघडल्यावर नर की मादी हे कळले की पायाला बांधावयाची चिठ्ठी पुरी होई: स्थळ, तारीख, लिंग, टिपणाऱ्याचे नाव.

अहिंसेवर निष्ठा असलेला मनुष्य येथे उसळून विचारील, की ज्याचा प्राण घेतला त्याची पिसे कुरवाळण्यात दंभाखेरीज दुसरे काय आहे? हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही, आणि झटकून टाकावा असे मला वाटतही नाही. परंतु महाभारताच्या वनपर्वात या आक्षेपाशी भिडणारी एक कथा आहे. झाडावरून अंगावर विष्ठा टाकणाऱ्या बगळीकडे कौशिक ब्राह्मणाने क्रोधाने पाहिले आणि ती मरून खाली पडली; त्याला पश्चात्ताप झाला, पण पश्चात्तापाने त्याचे अज्ञान गेले नाही, आणि अखेर त्याला धर्म शिकण्यासाठी मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधापुढे उभे राहावे लागले. त्या व्याधाची थोरवी कशात आहे? आपले कर्म घोर आहे हे तो नाकारीत नाही. आणि कर्म घोर आहे म्हणून त्या कर्माच्या पोटातले सत्यही तो सोडीत नाही. हत्येचा हिशेब एक आहे, आणि हत्येनंतर हाती आलेल्या देहाशी आपण खरेपणाने वागलो की नाही याचा हिशेब निराळा आहे. दुसरा चोख ठेवल्याने पहिला फिटत नाही. पण पहिला फिटत नाही एवढ्यावरून दुसरा बुडविण्याची मुभाही कोणाला मिळत नाही.

हा दुसरा हिशेब बुडाला की काय होते, याचा दाखला रानपिंगळ्याच्या प्रकरणात आहे. खानदेशात मुलकी अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात या लहानशा घुबडाची काही कातडी जमविली. इतरांनी जमविलेली धरूनही साऱ्या जगात या जातीची कातडी सातच, आणि पुढे शंभरावर वर्षे हा पक्षी कोणा अभ्यासकाला दिसला नाही. त्या सातांखेरीज एक नोंद होती: कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेनने गुजरातेत मांडवीजवळ १९१४ साली टिपल्याचे सांगितलेला पक्षी. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी तो क्ष-किरणांखाली तपासला, तेव्हा उघड झाले की ते डेव्हिडसनचेच कातडे आहे. चोरून, उसवून, पुन्हा भरून, खोटी चिठ्ठी बांधलेले. चिठ्ठी बदलता आली, वरचा टाका बदलता आला; पण डेव्हिडसनच्या हाताची खास धाटणी आत शिल्लक होती, आणि तिनेच साक्ष दिली. रासमुसेन यांनी ती खोटी नोंद बाजूला ठेवून अस्सल चिठ्ठ्यांचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा जिवंत सापडला. पुढे २०१४ साली तो तानसाच्या अभयारण्यात, म्हणजे आपल्या शहापूरच्याच रानाच्या हद्दीत, दिसला. ज्याच्या जातीतली मोजकी पाखरे मारली गेली, त्याच पक्ष्याच्या जिवंत वंशजांना आज कायद्याचे आणि माणसांच्या आस्थेचे छत्र मिळते आहे, ते मृत देहांशी कोणी एक मनुष्य खरा वागला म्हणून. आणि त्याच देहाशी दुसरा खोटा वागला त्याचे फळ शोध भलत्या दिशेला जाण्यात होते. मला वाटते, खोटी चिठ्ठी हा त्या पाखराचा दुसरा वध होय.

पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींच्या लहानपणची हकीकत सर्वश्रुत आहे. १९०८ च्या सुमारास छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती खाणे धर्माला मान्य आहे की नाही अशी शंका आली, आणि शंकेचे पाखरू मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत तिचे सचिव मिलर्डसाहेब यांच्यापुढे गेले. त्यांनी कातड्यांनी भरलेले खण उघडून दाखविले, आणि पानात पडावयाची ती चिमणी एका आयुष्याची दिशा ठरवून गेली. शंका धर्माची होती, हे मला महत्त्वाचे वाटते; मेलेल्या जिवाशी आपण काय करावे हे विचारावेसे वाटणे हाच ज्ञानाचा आरंभ ठरला.

आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने हौशी शिकारीचा परवाना संपला आहे, आणि तो संपला हे योग्यच झाले. पाखरे मात्र मरतच आहेत. मुंबई-नाशिक महामार्गावर शहापूरच्या हद्दीत आणि मुरबाडहून माळशेजकडे जाणाऱ्या सडकेवर गाड्यांखाली, विजेच्या तारांवर आणि अजूनही फाशांत. मृत सापडलेला वन्यजीव ही सरकारची मालमत्ता. त्यामुळे तो उचलून घरी नेता येत नाही, आणि नेऊही नये. वनखात्याला कळवावे, पंचनामा होऊ द्यावा. माझी मागणी त्या पंचनाम्यापाशीच आहे. आज त्यात ‘मृत पक्षी, नग एक’ एवढ्यावर भागू शकते, आणि मग देह जाळला वा पुरला की दप्तर बंद. त्याऐवजी जात, नेमके ठिकाण, वेळ, बुबुळाचा आणि पायांचा रंग इतके तरी लिहावे, आणि देह बरा असल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीने तो संग्रहालयाकडे धाडावा. तोवर चोचीत कापूस घालून, कागदात गुंडाळून तो सावलीत ठेवण्यास वनरक्षकाला कोणत्याही नव्या हुकमाची गरज नाही.